उत्तर महाराष्ट्राची संपत्ती आणि पेठ नाक्यावरची माणसे

दिवाळी सरली की पंचवटीतील पेठ नाक्यावर भल्या सकाळी माणसे उभी राहू लागतात. पेठ, सुरगाणा, हरसूल या भागांतून आलेली ही माणसे. बायकांच्या डोक्यावर गाठोडी, कडेवर पोर, पुरुषांच्या हाती एखादी पिशवी. भाताची कापणी उरकलेली असते, नागली घरात आलेली असते, आणि घरात आलेले हे धान्य होळीपर्यंतही पुरणार नाही हे त्यांना ठाऊक असते. दिंडोरी-निफाडकडचा बागायतदार किंवा त्याचा मुकादम गाडी घेऊन येतो, डिपिंग, विरळणी अशा कामांचा एकरी सौदा ठरतो आणि टोळी गाडीत बसून निघून जाते. निवृत्तीनंतर माझा सकाळी फिरायला जाण्याचा रस्ता याच नाक्यावरून जातो. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाला हे दृश्य पाहून एक साधा प्रश्न पडतो. ही माणसे ज्या तालुक्यांतून येतात तेथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ज्या तालुक्यांत ती मजुरीला जातात तेथे त्याच्या निम्म्याहूनही कमी पडतो. पाऊस एकीकडे आणि बागायत दुसरीकडे, हे कसे घडले?

हा प्रश्न पुन्हा मनात येण्याचे कारण एक परिसंवाद. ‘उत्तर महाराष्ट्रातील विकासाच्या संधी’ असा त्याचा विषय होता आणि एक जुना अध्यापक म्हणून मलाही निमंत्रण होते. वक्त्यांनी संधींची यादी वाचून दाखविली. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये शेवटच्या टप्प्यासह पूर्ण झाला. वाढवण बंदराला केंद्राने २०२४ मध्ये मंजुरी दिली. सिंहस्थासाठी शहरात मोठी बांधकामे व्हावयाची आहेत. शिवाय जमीन आहे, पाणी आहे, ऊन आहे, वारा आहे, आणि एका वक्त्याच्या शब्दांत सांगावयाचे तर ‘स्वस्त व कष्टाळू मनुष्यबळ’ आहे. यादी खोटी नव्हती. परंतु ती ऐकताना असे वाटत राहिले की हा प्रदेश म्हणजे जणू एक कोठार आहे आणि बोलणारे सर्वजण कोठाराच्या दाराशी गाड्या लावून उभे आहेत. कोठारात राहणारी माणसेही कोठारातील मालाच्या यादीतच मोजली जात होती.

दादाभाई नौरोजींनी इंग्रजी राज्याविषयी जो सिद्धान्त मांडला त्याचे सार असे की एखादा देश दरिद्री असतो तो तेथे संपत्ती निर्माण होत नाही म्हणून नव्हे, तर निर्माण झालेली संपत्ती सतत बाहेर वाहत राहते म्हणून. परकीय सत्ता गेली म्हणजे हा प्रवाह थांबेल अशी आपली समजूत होती. तो थांबला नाही. देशांतर्गत प्रदेशाप्रदेशांत आणि तालुक्यातालुक्यांत त्याचे लहान लहान पाट तयार झाले. नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव आणि अहिल्यानगर या पाच जिल्ह्यांचा आपला विभाग हे त्याचे ठळक उदाहरण आहे, असे माझे मत आहे. येथून पाणी कच्चे जाते, कांदा कच्चा जातो, केळी कच्ची जाते, मोहफूल कच्चे जाते आणि माणूसही कच्च्या मालासारखा जातो. मालाला किंमत चढते ती वाटेवर किंवा मुक्कामाच्या ठिकाणी.

प्रथम पाण्याचे पाहू. इगतपुरी हा धरणांचा तालुका. दारणेचे धरण इंग्रजांनी १९१६ मध्ये पुरे केले आणि तेव्हापासून त्याचे पाणी खाली कोपरगाव-राहात्याच्या उसाला जात आहे. त्या उसावर सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली. प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जे केले त्याचा अभिमान आम्हां समाजवाद्यांनाही आहे, तो लपविण्याचे कारण नाही. पुढे वैतरणेवर धरण झाले, त्याचे पाणी मुंबईला गेले. मुकणे, भावली, भाम अशी आणखी धरणे झाली. आणि याच तालुक्याच्या वाड्यापाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बायका डोक्यावर हंडे घेऊन डोंगर उतरताना दिसतात. धरण ज्याच्या जमिनीवर होते तो धरणाच्या लाभक्षेत्रात नसतो, हा आपल्या पाटबंधाऱ्यांच्या इतिहासातील नियमच होऊन बसला आहे. पुढे खालच्या बाजूस जायकवाडीसाठी पाणी सोडण्यावरून नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असा वाद दर दुष्काळात पेटतो. त्या वादात द्राक्षवाल्यांची बाजू असते, ऊसवाल्यांची असते, कारखान्यांची असते, मराठवाड्यातील तहानेल्या गावांची तर रास्तच असते. इगतपुरीच्या पाड्याची बाजू मात्र मी कोणाच्या तोंडून ऐकलेली नाही.

सुरगाणा-पेठेची गोष्ट याहून विलक्षण. नार, पार, दमणगंगा, अंबिका या नद्या पश्चिमेकडे वाहत गुजरातेतून समुद्राला मिळतात. ‘समुद्राला वाया जाणारे पाणी’ हा शब्दप्रयोग आमच्याकडील सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांच्या आवडीचा आहे. नार-पार-गिरणा जोड योजनेला राज्य सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये सात हजार कोटींहून अधिक खर्चाची मंजुरी दिली. पाणी डोंगरापलीकडून उपसून गिरणेच्या खोऱ्यात आणावयाचे आहे. गिरणा खोऱ्याची तहान खोटी नाही. मालेगाव, नांदगाव, चाळीसगावकडील शेतकरी कोणत्या परिस्थितीतून जातो हे मी पाहिले आहे आणि त्याला पाणी मिळू नये असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण ज्या खोऱ्यांतून हे पाणी उचलावयाचे त्यांतील नागलीच्या उतारांना आणि भाताच्या खाचरांना दुसऱ्या पिकापुरते पाणी आधी द्यावयाचे की नाही? डिसेंबर २०२२ मध्ये सुरगाणा तालुक्यातील सीमेवरील गावांनी ‘आम्हांला गुजरातमध्ये घाला’ अशी मागणी केली तेव्हा मुंबईत आणि नाशकात मोठा धक्का बसला. अस्मितेची भाषणे झाली. त्या गावकऱ्यांचे म्हणणे अगदी साधे होते. पलीकडे रस्ता आहे, दवाखाना आहे, पाणी आहे. संयुक्त महाराष्ट्रासाठी एकशे पाच-सहा माणसांनी प्राण दिले त्या राज्यात साठ वर्षांनी ही मागणी निघावी, याची लाज गावकऱ्यांना वाटण्याचे कारण नव्हते.

तापीचे आणि नर्मदेचे थोडक्यात सांगतो, कारण तो विषय या साप्ताहिकांच्या वाचकांना नवा नाही. तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशा येथे बॅरेज बांधले गेले, पाणी अडले. पण ते काठावरून शेतापर्यंत नेणाऱ्या सहकारी उपसा योजना वर्षानुवर्षे नादुरुस्त अवस्थेत पडून राहिल्या. साठा डोळ्यांसमोर आणि विहीर कोरडी, असे चित्र तेथील शेतकऱ्यांनी पाहिले. नर्मदेविषयी लवादाने १९७९ मध्ये अंतिम निवाडा दिला. त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला पाव दशलक्ष एकर-फूट पाणी आणि सरदार सरोवराच्या विजेतील २७ टक्के हिस्सा आला. त्यासाठी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावांनी आपले नदीकाठ दिले. नर्मदा बचाव आंदोलनाने या गावांच्या पुनर्वसनासाठी जो लढा दिला त्याची हकीकत वाचकांना माहीत आहे. मला येथे एवढेच नोंदवावयाचे आहे की ज्या सातपुड्याने वीज दिली त्याच सातपुड्यातील पाडे खांब आणि तार येण्याची वाट पुढे कित्येक वर्षे पाहत होते. आणि तो पाण्याचा वाटा डोंगर ओलांडून खाली आणण्याच्या योजना चार दशके कागदावर राहिल्या.

आता शेतमालाकडे वळू. लासलगावच्या कांद्याविषयी बोलताना व्यापाऱ्यांना शिव्या देण्याची एक सोपी रीत आहे. व्यापारी काही साधुसंत नव्हेत. पण अलीकडच्या काळात कांदा उत्पादकाचे सर्वांत मोठे नुकसान व्यापाऱ्याने नव्हे तर सरकारी अधिसूचनेने केले. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले. डिसेंबरात निर्यातच बंद झाली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, परंतु किमान निर्यातमूल्य आणि शुल्क राहिले. सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते रद्द झाले. दीड वर्षाहून अधिक काळ निफाड-चांदवड-येवल्याच्या शेतकऱ्याने शहरातील ग्राहकाला स्वस्त कांदा पुरविण्याचा भार स्वतःच्या खिशातून उचलला. शहरातील गरिबाला कांदा स्वस्त मिळावा हे मला मान्य आहे. मी स्वतः त्या मागणीच्या मोर्च्यांत तरुणपणी चाललो आहे. पण ती किंमत सरकारी तिजोरीतून दिली जावी, चांदवडच्या दोन एकरवाल्याकडून नव्हे. आमच्या पक्षाच्या शहरी कार्यकर्त्यांनी या बाबतीत पुरेसा विचार केलेला नाही, हेही येथे सांगून टाकतो.

त्याच कांद्याची दुसरी बाजू. कांदा नाशवंत आहे, कोंब फुटतो, सडतो. कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून किरणोत्सर्गाच्या प्रक्रियेचे एक केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला २००२ मध्ये उभारले. त्याची पुढची हकीकत गमतीची आहे. २००७ पासून अमेरिकेत जाणाऱ्या आंब्यावर याच केंद्रात प्रक्रिया होऊ लागली आणि कांद्यासाठी बांधलेले केंद्र कोकणच्या हापूससाठी प्रसिद्ध झाले. कांद्याला तो खर्च परवडेना आणि आंब्याला परवडला, इतकाच त्याचा अर्थ. पांढरा कांदा वाळवून त्याच्या चकत्या व पूड करण्याचा धंदा सौराष्ट्रात महुवा येथे अनेक कारखान्यांनी फोफावला. आपल्याकडे जळगावात एका मोठ्या उद्योगाने तो केला, पण नाशिक-धुळ्यात तो तालुक्यातालुक्याला पसरला नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी रावेर-यावलची केळी बहुतांश हिरवीच उत्तरेकडे जाते. खानदेशात कापूस पिकतो, सरकी येथे निघते आणि गाठी बाहेर जातात. साने गुरुजी ज्या काळात अमळनेरच्या गिरणी कामगारांत वावरत होते त्या काळी खानदेशात कापसाचे कापडही होत असे. जळगावची खानदेश मिल आज इतिहासजमा झाली आहे. शंभर वर्षांपूर्वी जे या प्रदेशाला साधत होते ते आज साधत नाही, आणि आपण मात्र ‘नव्या संधी’ मोजत बसलो आहोत.

जंगलाची कथा सर्वांत जुनी. मोहाचे झाड हे सातपुड्यातील आणि सह्याद्रीतील आदिवासीचे अन्न, तेल आणि रोकड. मुंबई सरकारने १८९२ मध्ये मोहफुलांवर कायदा केला तो दारूबंदीच्या प्रेमाने नव्हे, अबकारी उत्पन्न बुडू नये म्हणून. स्वराज्य आले तरी मोहफूल साठविणे व वाहून नेणे यांवरील बंधने या ना त्या रूपात चालू राहिली. महाराष्ट्र सरकारने ती सैल केली २०२१ मध्ये. म्हणजे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आदिवासी बाईने वेचलेले फूल तिने घरात साठविले तर तो गुन्हा ठरू शके, आणि म्हणून ते तिने मार्च-एप्रिलमध्ये मिळेल त्या भावाने विकावे आणि पावसाळ्यात चढ्या भावाने परत घ्यावे, अशी व्यवस्था कायद्यानेच करून ठेविली होती. या व्यवस्थेला आपण आदिवासीचे मागासलेपण म्हणत आलो. मोलगीच्या बाजारात आमचूर येते. कैरी सोलून, चिरून, वाळवून पाटीभर आमचूर घेऊन डोंगर उतरणारी बाई भाव विचारीत नाही, तिला भाव सांगितला जातो. साठवण्याला कोरडी खोली आणि दोन महिने थांबण्यापुरती उचल, एवढे मिळाले तरी या बाजाराचा तोल बदलेल. त्याला ना बंदर लागते ना महामार्ग.

जंगलावरचा हक्क सरकारने सुखासुखी दिलेला नाही. १९७१ मध्ये शहादा तालुक्यात पाटीलवाडीचे प्रकरण घडले, पुढच्या वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग महाराजांच्या मागे हजारो भिल्ल उभे राहिले आणि जमिनी परत करण्याचा कायदा राज्याला १९७४ मध्ये करावा लागला. वनाधिकाराचा कायदा देशाने २००६ मध्ये केला. तरी पट्ट्यांसाठी मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत जावे लागले. दहावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलांना त्रास होऊ नये म्हणून मुंबईत शिरल्यावर ते लोक रात्री चालले, हे मुंबईकरांनी तेव्हा कौतुकाने सांगितले. त्या कौतुकाचे रूपांतर किती सातबाऱ्यांत झाले हे ज्याचे त्याने आपल्या तालुक्यात जाऊन पाहावे.

ऊन आणि वारा ही नवी खनिजे. साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. पण याच धुळे जिल्ह्यात विखरण येथे वीज प्रकल्पासाठी जमीन गेलेल्या एका ऐंशी वर्षांवरील शेतकऱ्याने जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात जाऊन विष घेतले. पाच एकर बागायतीचे चार लाखांच्या आसपास मिळाले, शेजाऱ्याला कितीतरी अधिक मिळाले, दाद मागून मागून तो थकला होता. जमीन घेतली गेली ती औष्णिक विजेसाठी. पुढे त्याच जागी सूर्याची वीज करण्याची घोषणा झाली. सूर्य प्रदूषण करीत नाही हे खरे, परंतु भूसंपादनाच्या कायद्याला कोळसा आणि सूर्य सारखेच. आश्चर्य असे की दुसरा मार्ग सरकारला माहीत आहे. मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेच्या २०२३ मधील दुसऱ्या टप्प्यात जमीन भाड्याने घेण्याची तरतूद आहे, हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. लहान प्रकल्पाला जमीन भाड्याने चालते तर मोठ्याला का चालू नये? जमीन शेतकऱ्याची राहील, ग्रामसभेला विजेच्या प्रत्येक युनिटमागे काही पैसे मिळतील, अशा करारात गुंतवणूकदाराचे काय बुडते, हे कोणीतरी हिशेब मांडून दाखवावे. मी स्वतः मांडून पाहिला, मला तो बुडताना दिसला नाही.

आणि आता माणसे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मी तापीकाठच्या एका महाविद्यालयात नवखा अधिव्याख्याता होतो. दिवाळीच्या सुटीनंतर वर्ग भरला की काही नावांना उत्तर येत नसे. मी गैरहजेरी मांडीत असे. एकदा फाल्गुनात परतलेल्या एका विद्यार्थ्याला मी सर्वांदेखत झापले. तो शांतपणे म्हणाला, सर, बापाच्या कोयत्याला जोडीदार नव्हता. ऊसतोडीत कोयता म्हणजे हत्यार नव्हे, दोन माणसांची जोडी. एक तोडतो, एक मोळी बांधतो. आई आजारी पडली म्हणून मुलगा बारडोलीकडे गेला होता आणि घेतलेली उचल फिटेपर्यंत परतणे शक्य नव्हते. मी त्या वर्षी त्यांना राष्ट्रीय उत्पन्नाचे मापन शिकवीत होतो. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी खानदेशातून दक्षिण गुजरातच्या सहकारी साखर कारखान्यांवर जाणाऱ्या या तोडणी कामगारांवर १९७० च्या दशकातच लिहिले होते, हे मला फार नंतर कळले. परदेशातून आलेल्या माणसाला जे दिसले ते माझ्या वर्गातील रिकाम्या बाकावर मला दिसले नव्हते.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात या मुलाचे काय होते? त्याने तोडलेला ऊस सुरत जिल्ह्याच्या उत्पन्नात मोजला जातो. त्याला वाढविण्याचा, दुखण्याखुपण्यात सांभाळण्याचा आणि म्हातारपणी पोसण्याचा खर्च मात्र शहादा-तळोद्याच्या पाड्यावर पडतो. श्रमशक्ती निर्माण करण्याचा खर्च एका तालुक्याने सोसावा आणि तिचे फळ दुसऱ्याने घ्यावे, यालाच मी माणसाची कच्ची निर्यात म्हणतो. हे गुजरातविरुद्ध लिहिलेले नाही. पेठेचा माणूस दिंडोरीला जातो तेव्हाही हेच घडते आणि धडगावचा माणूस पश्चिम महाराष्ट्रातील फडावर जातो तेव्हाही.

ही निर्यात लपते ती सरासरीमुळे. प्रादेशिक असमतोलाचा विचार करण्यासाठी वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला, आणि त्यात जिल्हा हे एकक धरून अनुशेष मोजला होता. पण १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे झाली ती तीन, विदर्भ, मराठवाडा आणि ‘उर्वरित महाराष्ट्र’. या उर्वरितात पुणे आले, कोल्हापूर आले, कोकण आले आणि त्यांच्याबरोबर धुळे-नंदुरबारही आले. पुण्याची आणि अक्राणीची सरासरी काढली की अक्राणी नाहीशी होते. मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. विदर्भ-मराठवाड्याने त्याबद्दल आवाज उठविला, उत्तर महाराष्ट्राने उठविला नाही, कारण त्या मंडळाने आपले काही केले होते असे कोणाला आठवतच नव्हते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला म्हणून निदान त्याचे आकडे दिसू तरी लागले. २०११ च्या जनगणनेत तेथे सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आणि साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, राज्यात सर्वांत कमी. मानव विकास निर्देशांकातही तो शेवटचा. सुरगाणा आणि पेठ हे तालुके मात्र ‘प्रगत’ नाशिक जिल्ह्याच्या पोटात आहेत. द्राक्ष, वाईन, विमानांचा कारखाना आणि नोटांचा छापखाना यांच्या सरासरीत ते अजून नाहीसेच आहेत.

म्हणून माझी सूचना एकच आहे आणि ती फार खर्चाची नाही. विकासाच्या कोणत्याही योजनेची कसोटी म्हणून गुंतवणुकीचे कोटी मोजू नयेत. दिवाळी ते अक्षय्य तृतीया या काळात तालुक्यातून किती माणसे मजुरीसाठी बाहेर गेली हे मोजावे आणि तो आकडा दरवर्षी ग्रामसभेत वाचावा. महामार्ग झाला आणि आकडा घटला तर महामार्ग उपयोगी पडला. धरण झाले आणि आकडा वाढला तर धरणाविषयी पुन्हा बोलू. हा विचार अगदी नवा नाही. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी मागे हाच विचार होता, की माणसाला काम त्याच्या गावाजवळ मिळाले पाहिजे आणि त्या कामातून गावाची जमीन व पाणी सुधारले पाहिजे. महाराष्ट्राने १९७७ मध्ये त्याचा कायदा केला, १९७९ पासून तो अमलात आला, आणि २००५ मध्ये देशाने आपल्याकडून तो उचलला. आम्ही त्या कायद्याचे श्रेय घेत राहिलो आणि हमीची मूळ कसोटी विसरलो.

असे होऊ शकते याचे दाखले याच प्रदेशात आहेत. साक्री तालुक्यातील बारीपाड्याने सुमारे साडेचारशे हेक्टर जंगल गावच्या नियमाने राखले. विहिरींना पाणी आले आणि स्थलांतर ओसरले. चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या संस्थेच्या गोतावळ्यात ते काम करतात तिच्याशी आमचा वैचारिक विरोध आहे आणि राहील. परंतु जंगल कोणी राखले हे पाहताना राखणाऱ्याची टोपी पाहावयाची नसते. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला शेतकऱ्यांनी स्वतःची उत्पादक कंपनी काढली, द्राक्ष स्वतः परदेशी पाठविले, टोमॅटोवर प्रक्रिया केली. सहकारातील खुर्च्यांच्या राजकारणाला कंटाळलेल्या शेतकऱ्याने हा मार्ग धरला, त्यातून आपण शिकावयास हवे. मात्र शेतकऱ्यांच्या कंपनीत शेतमजुराला भाग असावा काय, विरळणी करणारी सुरगाण्याची बाई कधी भागधारक होईल काय, हा प्रश्न आपल्या चळवळीनेच अद्याप नीट मांडलेला नाही. सुरगाण्यात बोरगाव-घोडांब्याकडे काही आदिवासी शेतकरी स्ट्रॉबेरी करू लागले आहेत. पाण्याची थोडी सोय झाली की नागलीच्या शेतात काय पिकू शकते याचे ते उत्तर आहे. त्यांपैकी कितीजण आता नाक्यावर येत नाहीत, हे मोजलेले कोठे आढळत नाही.

परिसंवादात मी हा मुद्दा मांडला तेव्हा अध्यक्षांनी नम्रपणे सांगितले की स्थलांतर हा आदिवासी विकास विभागाचा विषय आहे, आजचा विषय औद्योगिक विकासाचा आहे. सरकारी खात्याने मोजणी करावी ही अपेक्षा मी तेथेच सोडली. आपल्या तालुका शाखांनी ती करावी असे मला सुचवावयाचे आहे. पेठ, सुरगाणा, इगतपुरी, साक्री, धडगाव, अक्कलकुवा एवढ्या सहा तालुक्यांपासून सुरुवात करता येईल. प्रत्येक पाड्यावर एक वही, आणि तिच्यात चार रकाने: कोण गेले, कोठे गेले, किती उचल घेऊन गेले, केव्हा परतले. गावातील शिकलेली मुले हे सहज करतील. माझ्या नाक्यावरची वही मी सुरू केली आहे. पहिले आठवडाभर माणसांना मी पोलीसखात्याचा वाटलो. आता ती स्वतःहून गावाचे नाव सांगतात, आणि परवा एका म्हाताऱ्याने विचारले, वहीत लिहून आमचे पाणी येईल का. मी त्याला होय म्हणू शकलो नाही. त्याने तरीही आपले आणि सुनेचे नाव लिहून घ्यावयास लावले आणि गाडीत चढला.